जाते म्हणू नये

तीन तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या ऐसपैस, निजायला मला वेगळी खोली. काम एवढंच, की आईबाप ऑफिसातून येईपर्यंत पोरीला सांभाळायचं. पोरीचं नाव कुणी घेत नाही, सगळे टिचकी म्हणतात. आहेही टिचकीएवढीच. तासाभरात मला आजी म्हणून मोकळी झाली. आईबापांचं काय सांगावं! कॉफीचे डबे चार तऱ्हेचे, पण कांदा चिरायचा तर धड सुरी नाही. कांदाही नाही म्हणा, जेवण बाहेरून येतं. बाप फोनकडे बघून हसतो, पोरीकडे बघून नाही. आणि ही म्हणे शिकलेली माणसं.

चार तारीख, मंगळवार

टिचकीची मैत्रीण आहे म्हणे, परी! दुपारी खिडकीतून येते. टिचकी बाटलीच्या झाकणात साखर घालून तिच्यासमोर ठेवते. मी चष्मा पुसून पाहिलं, मला काही दिसलं नाही. पंख कसे, विचारलं, तर कांद्याच्या सालासारखे. घ्या! परी काय, भाजीवालीची टोपली काय. पण पोर एकटी, खेळेना का बापडी.

संध्याकाळी परी "जाते" म्हणाली आणि गेली, असं टिचकीने सांगितलं. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, ही कुठली रीत? निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. तुझ्या त्या पंखवाल्या भवानीला वळण लावायला कुणी नाही का? टिचकीने मान डोलावली, उद्या सांगते म्हणाली.

सहा तारीख, गुरुवार

परी सुधारली! काल निघताना "येते" म्हणाली. मला हसू आवरेना. परीलासुद्धा वळण लावणारी मी एकटीच असेन.

टिचकीने आज दोन झाकणं मांडली होती. दुसरं कुणाचं, विचारलं, तर तेही परीचंच म्हणाली. जरा वेळाने साखर संपलेली. मुंग्या असणार.

दहा तारीख, सोमवार

कोपऱ्याकोपऱ्यातून कांद्याची सालं निघताहेत. पातळ, गुलाबी. केरसुणी लावली की सळसळतात. पोरीच्या आईला म्हटलं, घर आहे की बाजार? तिने नाक मुरडलं; म्हणाली, मावशी, आमच्याकडे कांदा येतोच कुठे?

खरंच की. येतोच कुठे.

आज झाकणं पुरेनात, म्हणून टिचकीने बशा काढल्या.

अकरा तारीख, मंगळवार

टिचकीला मांडीवर घेऊन नीट विचारलं. म्हणाली, पऱ्या बोलतात तेच करतात, दुसरं काही त्यांना येत नाही. जाते म्हणायची तेव्हा जायची. आता येते म्हणते, म्हणून येते. आत असलेली आतच राहते आणि खिडकीतून तीच पुन्हा येते. दर संध्याकाळी जितक्या आत, तितक्या जणी येते म्हणतात.

मी लावलेलं वळण.

टिचकीकडून निरोप धाडला, की आजी चुकली, खुशाल जाते म्हणा. त्या हसल्या म्हणे. म्हणाल्या, आता आम्ही चांगल्या घरच्या झालो, तसलं अभद्र आम्ही बोलत नाही. आणि ही म्हातारी कोण लागून गेली?

ते हसणं मीही ऐकलं. कपाटामागून.

बारा तारीख, बुधवार

आता दिसतात. बोटाएवढ्या, तोंडं सुरकुतलेली. पडद्यावर, भांड्यांत, माझ्या उशीवर. माझ्याकडे बघतात ते पायपुसण्याकडे बघावं तसं.

बापाला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, टीव्ही कमी बघा. त्याच्या खांद्यावर तिघी होत्या. सकाळी "निघतो" म्हणतो, येतो नाही की जातो नाही, म्हणून सुटतो बिचारा.

तेरा तारीख, गुरुवार

जागा संपली म्हणतात. घरातल्या एकीने जायला हवं. टिचकीला शिकवताहेत— म्हण, जाते म्हण, आम्ही नेतो तुला, मैत्रीण ना आमची?

पोरीला उचलून दाराकडे धावले. उंबऱ्यातच तिच्या तोंडून "जा" एवढं निघालं आणि माझ्या मुठीतली तिची बोटं— नव्हतीच. तोंडावर हात दाबला, तेव्हा परत आली. नखं आली नाहीत.

दार आता उघडत नाही. पलीकडूनही दाबून बसल्यात.

चौदा तारीख, शुक्रवार

आईबाप रात्री आलेच नाहीत. की आले, आणि दार—

पोरीचं तोंड पदराने बांधलंय. रडते. मैत्रिणींशी बोलायचंय म्हणते. पदर कुरतडताहेत त्या, मेल्या, दात आहेत त्यांना—

विचारलं. मोठ्याने विचारलं, की एकीने जायचं ना? मग म्हातारी चालेल? आपसात बघून हसल्या. हिला कोण घेतंय, म्हणाल्या. मग म्हणाल्या, चालेल. जागा तर होईल.

मी "निघते" म्हणून पाहिलं. नाही चालत. तोच शब्द हवा.

टिचके, वाचायला लागलीस की हे वाच. खिडकी लावून घे. पुन्हा कुणालाही येते म्हणायला—

पदर तुटला. पोरीने तोंड उघडलं— तिच्या आधी मी— मी जा