दुकानाचं पान

३ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस, फोन मुद्दामच केला नाही. तुझ्या भाऊजींना हल्ली ऐकू येत नाही, पण ओठ वाचायला शिकलेत. घरात लपून बोलायची सोय राहिली नाही.

घड्याळदुरुस्तीचं दुकान ओस पडत चाललंय. फोन वाजतो, ह्यांना पत्ता नसतो, गिऱ्हाइकांना वाटतं दुकान बंद झालं. हे म्हणतात फोनच खराब आहे. नवा आणला, तोही म्हणे खराब! कानांचा विषय काढला की डोळ्याला भिंग लावून बसतात.

तर मला वेबपेज बनवायला शिकव. लोकांनी लिहून विचारावं. तू करून देशील गं, पण मग दुकानाची वेळ बदलली तरी तुझ्या पाया पडायचं? शिलाईचं मशीन उघडून जोडणारी बाई आहे मी. जीव थाऱ्यावर नाही, लवकर लिही.

आशीर्वाद आहेतच, आळस तेवढा करू नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसले, पण आनंदाने. साधं नोटपॅड उघड. ब्राउझरला सगळं सांगावं लागतं: मथळा इथे सुरू, इथे संपला. त्या खुणा म्हणजे टॅग. टॅग उघडलास की बंद करायचा, आणि बंद करताना आत तिरकी रेघ. नमुना कागदावर लिहून पाठवतेय, पान इंटरनेटवर फुकट कुठे चढवायचं तेही त्यात आहे. एक बदल कर, सेव्ह कर, बघ, मग पुढचा. एकदम दहा ठिकाणी हात घालू नकोस, तुला ओळखते मी.

पण पानावर भाऊजींच्या कानांबद्दल काय लिहिणार? त्यांना विचारलंस का?

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी ठमी

१७ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मेली ती तिरकी रेघ! एक विसरले आणि अख्खं पान मथळा होऊन अंगावर आलं. मग दुकानाचा फोटो दिसेना. फाइलच्या नावात एक अक्षर मोठं, मी लिहिलेलं लहान. एवढ्यासाठी रडकुंडीला आले.

आता पान चढवलंय. निरोपाची लिंक दाबली की थेट मेल येतो. म्हणजे यायला हवा. सारखी उठून बघते, काही नाही.

‘दुकानदाराला ऐकू येत नाही’ हे वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी तुझ्या कागदावरच्या त्या खुणांमध्ये टाकलं, ज्यांच्या आतलं ब्राउझर दाखवत नाही. ह्यांना विचारलं नाही. धीरच होत नाही गं.

खुशाल राहा, आणि मला धीर दे.

ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पान सुरेख झालंय. पण लपवलेलं वाक्य मी इथे बसून वाचलं, ताई. पानाचा कोड, म्हणजे तू नोटपॅडमध्ये लिहिलेलं सगळं, कुणालाही उघडून बघता येतं. कान भाऊजींचे आहेत. त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत तूच सांग. रागावले नाही, घाबरलेय.

माया कमी करू नकोस.

ठमी

१ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आतच झालं ते. एका गिऱ्हाइकाने पानाचं कौतुक केलं म्हणून ह्यांनी घरचा कम्प्युटर उघडला, आणि समोर माझं नोटपॅड. तिथे काहीच लपत नाही.

मी म्हटलं, ते वाक्य लोकांना दिसत नाही. तर म्हणाले, म्हणूनच जास्त लागलं. म्हणजे तुलाही माझी लाज वाटते. भर दुपारी दुकानाला कुलूप लावून निघून गेले. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी. हाका मारून उपयोग नव्हता.

संध्याकाळी आले ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. ते वाक्य काढायला लावलं आणि स्वतःचं सांगितलं: मला ऐकू येत नाही, घड्याळं उत्तम दुरुस्त करतो, लिहून विचारा. वर, मथळ्यात टाक म्हणाले. टाकलं, आणि टॅग आठवणीने बंद केला.

आज सकाळी त्या लिंकवरून पहिला मेल आला. दुकानातून, ह्यांचाच. लिहिलंय, ओठ मला अर्धेच वाचता येतात, हिवाळाभर जेवताना तू बोलत होतीस आणि मी नुसती मान डोलवत होतो. काय काय सांगत होतीस, ते लिहून पाठव.

कुठून सुरुवात करू सुचत नाही. तुझं पत्र एवढ्यावरच आवरते, रागावू नकोस. ते दुकानात वाट बघत असतील.

तुझी ताई