सात दिवसांच्या गोळ्या

प्रिय दादा,

काल परदेशातून फोन केलास तेव्हा म्हणालास, "आमच्या करातून परक्या देशांना कशाला पोसायचं? फुकट मिळालं की माणसं आळशी होतात." मी हो ला हो केलं.

आज दवाखान्यात कंपाउंडरकाकांनी टीबीच्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली. महिन्याऐवजी सातच दिवसांच्या दिल्या. "तिकडची मदत थांबली, बाई. पुढचं मला विचारू नकोस." खोक्यावर तुझ्याच देशाचा झेंडा होता.

हो, टीबी मला झालाय. तुला सांगितलं तर आईला कळेल, मग सासरी. म्हणून हे पत्रही पाठवणार नाहीये.

पण जाम टरकलेय रे. निम्म्या गोळ्या घेतल्या तर औषध लागूच पडेनासं होतं, हे मला माहीत आहे. तरी आठवा दिवस डोळ्यांसमोर आला आणि आज निम्म्याच घेतल्या.

तुझीच,
छोटी