पिवळे न झालेले दोन खळगे

डिमोना, मंगळवार संध्याकाळ, १९९७

जेवण गेलं नाही. आज बेरशेबाच्या इस्पितळातल्या लॅबमध्ये रक्तातलं रोगाशी लढणारं प्रथिन मोजायचं किट लावलं. प्रथिन असलं की खळगा पिवळा होतो. प्लेटमधले सगळ्या रुग्णांचे खळगे पिवळे झाले, फक्त शेजारच्या रिबकामावशींच्या तान्ह्या नातीचे दोन पाण्यासारखे राहिले. नवं किट उघडून पुन्हा लावलं. तेच. एवढीशी पोर, सारखी तापाने फणफणते, आणि रक्तात ते प्रथिन जवळजवळ नाहीच.

डॉक्टर म्हणाले, "निदान आता औषध देता येईल. उद्या आईबापांना बोलावतो."

डिमोनाला परतीच्या बसमध्ये मावशीच शेजारी, बेरशेबाला राहणाऱ्या मुलाकडून परतत होत्या. नेहमीचंच सुरू, "सून पोरीकडे नीट बघत नाही, म्हणून ती आजारी पडते."

रिपोर्ट सांगायची मला परवानगी नाही. पण ते दोन खळगे डोळ्यांपुढून हलेनात.

"मावशी, सुनेचा काही दोष नाही," बोलून गेले.

"म्हणजे पोरीलाच काही झालंय?"

मी पर्समध्ये तिकीट शोधू लागले. त्या खिडकीकडे वळल्या.

मी बोलायला नको होतं का? डॉक्टरांच्या आधी?

मघाशी भिंतीपलीकडून मावशींचा सुनेशी फोनवर बोलतानाचा आवाज आला, "रडू नको ग. मी सकाळच्या बसने बेरशेबाला येते. पोरीला मी घेते, तू जरा झोप."