चोरीच्या गाडीतही सिग्नल

प्रिय ढब्बू,

फोनवर तू विचारतोस, "बाबा कसे आहेत?" मी म्हणते, "आहेत." एवढ्यावर आपलं दोघांचं भागतं. मग तू तुझ्या साहेबाच्या तऱ्हा सांगतोस, मी जिन्यातला दिवा पुन्हा गेल्याचं सांगते. पण यावेळी जे सांगायचंय ते फोनवर होणार नाही. मला मध्येच रडू येतं आणि तुझी नेमकी तेव्हाच रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. आज दुकानाला सुट्टी आहे, चष्म्यांच्या काचा घासायच्या नाहीत, आणि बाबा आतल्या खोलीत झोपलेत.

आपला तो गाडीचोरीचा गेम आठवतो? बाबांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला होता, शिकायला येणाऱ्यांना रस्त्यावरच्या खुणा दाखवायला. आणि आपण त्यावर गाड्या चोरायचो! सगळं शहर वरून दिसायचं, गच्चीवरून वाकून बघावं तसं. माणसं म्हणजे नुसती डोकी आणि खांदे, गाड्या म्हणजे नुसते टप. कुठल्याही गाडीचं दार उघडायचं, आतल्याला बाहेर ओढायचं आणि सुसाट सुटायचं. वेग वाढला की चित्र आपोआप उंच जायचं आणि आपली गाडी मुंगीएवढी व्हायची. स्क्रीनवर नकाशा नव्हता, म्हणून गेमबरोबर आलेला कागदी नकाशा मांडीवर पसरून मी तुला वळणं सांगायचे, आणि तू ती चुकवून खापर माझ्यावर फोडायचास. चौकातला टेलिफोन वाजला की उचलायचा, मग पलीकडचा कुणी गुंड काम सांगायचा. पोलीस मागे लागले की रंगाच्या गॅरेजात शिरायचं. गाडी हिरवीची पिवळी झाली की पोलीस बिनधास्त शेजारून निघून जायचे.

एका दुपारी बाबा मागे येऊन उभे राहिले. तू कागदाच्या बोळ्यासारखा आक्रसलास, मला वाटलं आता कॉम्प्युटर कपाटात जाणार. बाबांनी विचारलं, "यातले आपण कुठले?" तू बोट ठेवलंस. "आणि गाडी कुणाची?" तू म्हणालास, "आता आपलीच." यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली. नुसतं म्हणाले, "सरक."

आणि काय चालवली त्यांनी! चोरलेली गाडी, पण पहिल्याच लाल दिव्याला थांबले. तू ओरडलास, "बाबा, इथं सिग्नल पाळायचा नसतो!" ते म्हणाले, "मग लाल कशाला केलाय?" टेलिफोन वाजत होता, तर म्हणे, "वाजू दे, गाडीवर असताना मी फोन घेत नाही." गाडी स्क्रीनवर खालच्या बाजूला निघाली की डावं-उजवं उलटं व्हायचं, तिथं तू हमखास भिंतीवर आपटायचास. बाबा एकदाही आपटले नाहीत. तासभर त्या गुंडांच्या शहरात ते कुणालाही धक्का न लावता फिरले, आणि शेवटी एका कडेला गाडी नीट लावून उतरले. गुण शून्य. आपण दोघं पोट धरून हसत होतो, आणि ते मात्र खुशीत होते. "रस्ते चांगले केलेत," म्हणाले.

आता आजचं सांगते. स्कूल बंद झालं, लायसन्स गेलं, ते तुला माहीत आहे. विसरण्याचंही माहीत आहे. मागच्या वेळी बाबा पडले आणि हनुवटीला टाके पडले, असं मी सांगितलं होतं. ते पडले खरे, पण एका माणसाने ढकलल्यामुळे. त्याचं असं झालं की मी त्यांना फिरायला न्यायचे, आणि सिग्नलला गाड्या थांबल्या की ते माझा हात सोडवून एखाद्या गाडीचं दार उघडायचे आणि आतल्याला सांगायचे, "सरक." त्यांना वाटायचं समोर शिकाऊ बसलाय आणि क्लच चुकतोय. लोक घाबरायचे. मी धावत जाऊन हात जोडायचे. काही जण समजून घ्यायचे. एकाने घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्या हातांना काहीतरी काम द्या. आमच्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाने खटपट करून तोच जुना गेम माझ्या लॅपटॉपवर घालून दिला. काय सांगू, पहिले काही आठवडे मला देव भेटल्यासारखं वाटलं! बाबा चहा पिऊन बसायचे आणि त्या शहरात गाडी फिरवायचे. सिग्नल पाळायचे. घरात मला स्वयंपाकाला सलग वेळ मिळायला लागला. मग एके दिवशी त्यांनी हाक मारून विचारलं, "यात मी कुठला?" मी बोट ठेवलं. गाडी जरा पुढे गेली, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाखवलं. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी फूटपाथवरून चालणाऱ्या एका भलत्याच माणसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मी." त्यांना इतकं बरं वाटलं की मी ते खोडलं नाही. तो माणूस आपल्या वाटेने चालत चालत स्क्रीनच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. बाबा बराच वेळ कडेकडे बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला. त्यानंतर तो उघडायला ते तयार झाले नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात ते झालं. मी औषधाच्या दुकानात होते, बाबा दारातल्या बाकावर. शेजारी एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, मालक माझ्याच पुढे रांगेत. मी वळून बघते तो बाक रिकामा आणि गाडी नाही. तो माणूस किंचाळला, "माझी आई आहे आत!" ढब्बू, मी तशीच धावत रस्त्यावर आले. पोलीस आले, गाडीचा नंबर सगळ्या चौक्यांना गेला, आणि मी फूटपाथवर बसून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत बाबांना शोधत राहिले.

गाडी सापडली ती त्या आजींच्या घरासमोर. आजींना वाटलं होतं मुलाने ड्रायव्हर ठेवला. त्यांनी पत्ता सांगितला, बाबांनी बरोबर घरी नेऊन सोडलं, दार धरून उतरवलं. कुठे ओरखडा नाही. आजी पोलिसांना म्हणाल्या, "आमच्या पोरापेक्षा शांत चालवतो हो हा." मला हसू आलं, खरंच आलं. मग मी गाडीशी गेले. बाबा अजून आत बसले होते, हात स्टिअरिंगवर, चेहरा ओला. काच खाली करून त्यांनी पोलिसाला विचारलं, "साहेब, आता कुठं जायचं?" पोलीस बिचारा माझ्याकडे बघायला लागला. 

आजींच्या मुलाने तक्रार मागे घेतली, पण पोलीस बजावून गेले आणि डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं की आता घरी ठेवता येणार नाही. पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, त्यांना विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या कुलपाच्या दाराच्या जागी न्यायचंय. जागा स्वच्छ आहे, मी बघून आले. सही केली. तुझं मत विचारायला हे लिहीत नाहीये, आणि तू लांब आहेस म्हणून रागही नाही. अडलंय ते वेगळंच. मी आता बाबांची मुलगी नाही, ढब्बू. मला ते मॅडम म्हणतात. रोज संध्याकाळी सांगतात, "मॅडम, तुमचा क्लास संपला, तुम्ही निघा, मला न्यायला माझा मुलगा येतोय." मी कोण ते सांगून पाहिलं, तर इतके घाबरले की आता सांगत नाही. गाडीच्या त्या प्रकारापासून उंबऱ्याबाहेर ते माझ्याबरोबर यायला तयार नाहीत. मुलाला न सांगता परक्या बाईबरोबर कसं जायचं, म्हणतात. त्या जागेचे लोक म्हणाले, काळजी करू नका, आम्ही दोन माणसं पाठवतो, ती उचलून आणतात, त्यांना सवय असते. ती दोन माणसं जिना चढायच्या आधी तू ये. फक्त दारात उभा राहा आणि म्हण, "चला बाबा." बाकीचं सगळं मी केलंय. एवढं एक मला जमत नाही.

तुझीच, आणि तुझी तरी अजून,
ताई