नावेवरचा अनुस्वार

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुमचे दादा निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतात, म्हणजे त्यांच्या खोलीत असतात. पत्र्याच्या मोटारींना तेल घालायचं, शिशाच्या शिपायांच्या झडलेल्या मिशा रंगवायच्या, ‘टिचकी’ या चित्रमासिकाचे जुने अंक झटकून पुन्हा रचायचे, की झाली संध्याकाळ. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून लोकांच्या चुका काढल्या, आता माझ्या काढतात. काल माझ्या किराण्याच्या यादीतल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

आता मुद्द्याचं. शिवणवर्गाला यंदा अकरा मुली आहेत आणि आम्ही बाराजणी मधल्या बोळकांडीत दिवा लावून बसतो. दोन खिडक्यांची खोली शिपायांना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की उजेडात बसा, नाहीतर सुई सोडा. वर्ग बंद करायचं माझ्या अगदी जिवावर येतं, वन्सं. या घरात तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे.

आमचा करार तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर मी म्हटलं होतं की संग्रह पुरा होईपर्यंत खोली तुमची, पुरा झाला की माझी. ते इतक्या चटकन हो म्हणाले की तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चौतीस वर्षांत सगळं मिळालं, फक्त ‘टिचकी’चा सदतिसावा अंक तेवढा मिळत नाही. मीसुद्धा दिसेल त्या रद्दीवाल्याला विचारून दमले.

तुम्ही जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीत. एक अंक काढायला असा कितीसा वेळ लागतो? मी काही सुचवत नाही, नुसतं विचारते आहे.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, तो कळेल तसा दाखवावा.

आपली
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरले, मग दार लावून पोट धरून हसले. सख्ख्या भावाला फसवायचं म्हणजे पाप आहे. तेव्हा छत्तीस आणि अडतीस हे दोन अंक त्याच्या नकळत ताबडतोब पाठव, नमुन्याला लागतील. त्याला कळायच्या आत परत करीन.

तुला माहीत नसेल, पण सदतिसाव्या अंकावरून आम्ही दोघांनी अख्खं बालपण मारामाऱ्या केल्यात. छत्तिसाव्याच्या शेवटी चित्रकथेतल्या कप्तानाचं जहाज फुटतं आणि तो शार्कच्या जबड्यात कमरेपर्यंत गेलेला असतो. अडतिसाव्यात बघावं तर नव्या जहाजावर निवांत चहा पितोय. मधे काय झालं? दादा म्हणायचा, तो पोहून सुटला. मी म्हणायची, त्याला कुणीतरी सोडवलं. आता ठरवणारी मी आहे, म्हणजे माझंच खरं होणार.

शाळेच्या जुन्या हजेरीपटांची कोरी पानं माझ्याकडे आहेत. चहाच्या पाण्यात बुडवली की पन्नास वर्षांची होतील. भीती फक्त शुद्धलेखनाची. तेव्हाच्या पद्धतीनं अनुस्वार द्यायला हवेत आणि दादाची नजर घारीची. पण कमी पडण्यापेक्षा चार जास्त बरे, असं मी ठरवलंय.

काम फत्ते होईपर्यंत चेहरा सरळ ठेव. माया पातळ करू नकोस.

तुझी नणंद (आणि आता साथीदार)
खारू


१८ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? माझा बरा आहे, कारण मी तुझ्यासारखी दिवसभर फरशीवर बसून मोटारी फिरवत नाही.

एक गंमत झाली. आमच्या शाळेजवळच्या रद्दीवाल्याकडे सहज डोकावले, तर गठ्ठ्याच्या तळाशी ‘टिचकी’. आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सदतीस! दुकानदाराला त्याची किंमत कुठली कळायला, त्यानं वजनात दिला. सोबत पाठवते आहे. वाचून होईल तेव्हा मान्य कर की लहानपणी मी म्हणत होते तेच खरं होतं.

संग्रह पुरा झाल्याबद्दल अभिनंदन. वहिनीला मात्र हळूच सांग, आनंदानं तिला काही व्हायला नको.

धाकट्या बहिणीवर जेवढा धाक, तेवढाच लोभ असावा.

खारू


३ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

अंक पोचला. चित्रं म्हणशील तर मूळ चित्रकारापेक्षा तुझा हात सरस आहे. पण लेखन! अनुस्वार काय मुठीनं पेरलेस? बावीस चुका निघाल्या, सगळ्या समासात पेन्सिलीनं दाखवल्या आहेत. पान पाचवर तर कहर. म्हणे, ‘कप्तानाची नांव बुडाली.’ अगं, तेव्हा अनुस्वार असलेलं नांव माणसाचं, आणि पाण्यातली नाव बिनअनुस्वाराची. जहाज बुडवायला गेलीस आणि बिचाऱ्याची अब्रू बुडवलीस.

पण चुकांवरून ओळखलं असं समजू नकोस. मला पाकीट फोडताक्षणीच कळलं, कारण सदतिसावा अंक निघालाच नव्हता. बारा वर्षांचा असताना मी संपादकांना लिहिलं होतं. त्यांचं कार्ड आलं, की चित्रकार जिन्यावरून पडले, हात मोडला, त्या महिन्याचा अंक रद्द झाला, आकडा मात्र तसाच पुढे गेला. ते कार्ड मी कुणाला दाखवलं नाही. तुला दाखवलं असतं तर भांडायला काय उरलं असतं? आणि लग्नानंतर दाखवायचा प्रश्नच नव्हता.

आता माझी पंचाईत बघ. खोटा म्हणावं, तर कशावरून ते सांगावं लागेल. खरा म्हणावं, तर खोली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तीन दिवस खोलीबाहेर न पडता नुसत्या चुका काढल्या. तुझ्या वहिनीनं मला काढा करून दिला आणि स्वतःशीच हसत होती, तेव्हा कट कुणाचा तेही कळलं.

चौथ्या दिवशी अंक नुसता वाचला, चुका न बघता. शिडं शिवणारी बाई कात्री घेऊन समुद्रात उडी टाकते आणि शार्कच्या दातांत अडकलेला कप्तानाचा पट्टा कापून त्याला ओढून काढते. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात टाचण्या. चेहरा कुणाचा हे मला विचारतेस? अंक मिटून बाहेर आलो, तर तुझी वहिनी बोळकांडीत दिव्याखाली सुईत दोरा ओवत होती. सात वेळा चुकली. मला स्वतःची लाज वाटली, खारू.

खोली देतो आहे. आधी रिकामी करीन आणि मगच ते कार्ड तिच्या मशीनवर ठेवीन. क्रम महत्त्वाचा आहे. खोली हरलो नाही, दिली, एवढं तिला कळलं म्हणजे झालं.

तुझा अंक मात्र मी कुणाला देणार नाही. जगात एकच प्रत आहे. प्रकृतीला जप, अनुस्वारांना आवर घाल.

तुझा
दादा


२२ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

दोन दिवसांत खोली रिकामी झाली. बोळकांडीत भिंतभर फळ्या ठोकून मोटारी, शिपाई, अंक सगळे तिकडे गेले. मुली जातायेता किल्ली देऊन पत्र्याचा बेडूक सोडतात आणि हे ओरडत नाहीत, उलट कुठली किल्ली किती फिरवायची ते शिकवतात. खिडक्या उघडून बसले आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला गेला. मला रडू आलं.

दुसऱ्या सकाळी मशीनवर ते कार्ड. वाचलं आणि खरं सांगते, आधी कात्रीच उचलली. चौतीस वर्षं मी रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवले आणि हा माणूस मला पुढच्या गल्लीतला दाखवत होता! मग मात्र बसकण मारून इतकी हसले की मुलींना सुट्टी द्यावी लागली. खोली आधी दिली, कार्ड नंतर ठेवलं, हेही माझ्या लक्षात आलं. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं माफ केलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कारण एक पेच आहे. कार्ड खरं, म्हणजे अंक खोटा. अंक खोटा, म्हणजे संग्रह अपुरा. मग करारानं खोली परत त्यांचीच की हो. हे त्यांच्या ध्यानात काल आलं असावं. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की मशीनवर एक जुनं कार्ड होतं ते दिसलं का. मी म्हटलं की नाही बाई, कसलं कार्ड? नव्या पडद्याच्या दुमडीत मी ते दुहेरी टाक्यानं शिवून टाकलंय. त्यांना सांगितलं की काळजी करू नका, मी रोज थोडं थोडं शोधत जाईन, चौतीस वर्षांत मिळेलच.

लोभ आहेच, आता उजेडही आहे.

आपली
वहिनी