प्रमाण एकास वीस

२ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची ११ जानेवारीला बंद पडली. त्यात माझा दोष नव्हता, पेन संपलं होतं.

हिला काल तिच्या बहिणीकडे पोचवून आलो. कंबर. डॉक्टर स्पष्टच बोलले, स्वयंपाकघराचा ओटा बुटका आहे, चाळीस वर्षं वाकून वाकून मणके दमलेत. तीन आठवडे विश्रांती आणि पुढे वाकणं कायमचं बंद. ओटा पंच्याऐंशी सेंटीमीटर उंच आहे. तो मीच आखला होता, लग्नाच्या वर्षी, ऑफिसातल्या पुस्तकात होती ती उंची घेऊन. ही माझ्यापेक्षाही चार बोटं उंच आहे, ही माहिती त्या पुस्तकात नव्हती.

मी निघताना म्हणाली, "अहो, नवा ओटा झाला की कळवा. तोवर मी इथेच." हसत म्हणाली. पण बॅगेत स्वेटरांच्या खाली उन्हाळ्याचे कपडेही दिसले.

संकल्प: नवा ओटा मीच आखणार. आणि कॉम्प्युटरवर.

३ फेब्रुवारी

मुलगा आणि सूनबाई वरच्या मजल्यावर राहतात. सूनबाई दिवसभर ऑफिसात हेच करते, घरांचे नकाशे. म्हणाली, "बाबा, मी अर्ध्या तासात काढून देते की." नम्रपणे नाकारलं. पस्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत. ट्रेसिंग पेपरवर शाईची चूक ब्लेडने अशी खरवडायचो की कागदाला पत्ता लागायचा नाही. कॉम्प्युटर म्हणजे शेवटी काय, वीज लागणारा ड्रॉइंग बोर्ड.

तिने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात ते सॉफ्टवेअर टाकलं. जाताना म्हणाली, "अडलं तर हाक मारा." मुलाने जिन्यातून आवाज दिला, "अडलं तर नाही, अडल्यावर!" त्याला ड्रॉइंगमधलं ओ की ठो कळत नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी

केवढी सुंदर कल्पना आहे या सॉफ्टवेअरमध्ये! दोन जगं आहेत. एक खरं जग, तिथे ओटा खऱ्या मापाने काढायचा, तीन मीटर साठ म्हणजे तीन मीटर साठ. दुसरं कागदाचं जग. त्याला लेआउट म्हणतात. त्या कागदाला एक खिडकी पाडायची आणि खिडकीतून खरं जग किती लहान दिसावं ते आपण ठरवायचं. मी एकास वीस ठरवलं. वीस पावलांचं एक पाऊल.

कविता तरी दुसरं काय करते? एवढं मोठं दुःख एवढ्याशा कागदावर मावतं, ते प्रमाण सांभाळलं म्हणूनच. शाळेत आमचे गुरुजी बोटांच्या पेरांवर लघु-गुरू मोजायला लावायचे. एक मात्रा चुकली की पट्टी. पावसाळी हवा, ओलसर बाकं, आणि चाळीस पोरं एका चालीत म्हणताहेत. त्या आठवणीत दुपार छान गेली.

ओटा काढायचा राहिला.

८ फेब्रुवारी

ओटा काढला. सरळ रेषा काढायला टी-स्क्वेअर लागत नाही हे मनाला पटायला दोन दिवस गेले.

हिचा फोन. बहिणीच्या ओट्याशी उभं राहिलं की कंबर अजिबात दुखत नाही म्हणाली. टेप लावून मोजलाय, "नव्वद. बरोब्बर नव्वद. लिहून घ्या." मी म्हटलं, अगं लक्षात राहील. "चाळीस वर्षांत माझं काय लक्षात राहिलंय तुमच्या?" असं विचारलं. उत्तर देणार होतो, तेवढ्यात तिला हाक आली.

नव्वद. लक्षात आहे.

९ फेब्रुवारी

लेआउटमध्ये खिडकी पाडली, एकास वीस केलं, ओटा कागदावर झकास बसला. जरा जवळून बघावा म्हणून माउसचं चाक फिरवलं. ओटा मोहरीएवढा झाला. उलट फिरवलं. आता कागदभर नुसतं सिंक.

सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही खिडकीच्या आत शिरून झूम करताय, त्याने स्केल बदलतं. स्केल लावलं की खिडकी लॉक करायची." खिडकी लॉक करायची ही भाषाच मला रुचली नाही. खिडकी वाऱ्यासाठी असते.

११ फेब्रुवारी

सिंक.

खिडकी लॉक केली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, विचारान्ती.

काम करता करता दोन ओळी सुचल्या:

तुझ्या लांबरुंदीत मी हिंडताना
कुठे राहिले माप माझ्या मनाचे

पेरांवर मोजलं. बारा-बारा अक्षरं, वृत्त बिनचूक. गुरुजी असते तर पट्टी खाली ठेवली असती. हिला फोनवर म्हणून दाखवल्या. हिने दोन्ही ऐकल्या. मग विचारलं, "ओट्याचं माप घेतलंत ना?"

१३ फेब्रुवारी

आज मापांचे आकडे घालायचे होते. पहिल्यांदा मुंगीएवढे आले. भिंग आणलं, भिंगातूनही मुंगीच. सेटिंग बदललं तर '९०' हा आकडा ओट्याहून मोठा झाला, त्यातल्या शून्यात फ्रिज बसला असता. चार तास मुंगी आणि हत्ती यांच्यामध्ये घालवले.

सूनबाईला विचारणार होतो. ती दमून आली होती. (ती हसतमुखाने जिना चढत होती, पण मला माणसं वाचता येतात.)

शेवटी सगळे आकडे पुसून टाकले. आणि खरं सांगायचं तर ड्रॉइंग केवढं मोकळं झालं! रेषा श्वास घेऊ लागल्या. ज्याला काम येतं तो कागदावर पट्टी ठेवेल, वीसने गुणेल. आकडे ज्याचा रेषेवर विश्वास नाही त्याच्यासाठी.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस चौकटीवर घालवले. सत्कारणी. बाहेर जाड रेघ, आत बारीक, मध्ये केसभर मोकळी जागा, आणि कागदाच्या अगदी कडेपर्यंत. उजव्या कोपऱ्यात रकाना: कामाचं नाव, तारीख, माझी सही, 'प्रमाण १:२०'. आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणायचे, "तुमची चौकट इतकी देखणी असते की आत काय आहे ते बघायचं राहूनच जातं." एवढी दाद त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

१७ फेब्रुवारी

प्रिंट. उजवीकडची चौकट छापलीच नाही! डावीकडे जाड-बारीक, उजवीकडे उघडं रान. एका बाहीचा सदरा. तीन कागद वाया.

सॉफ्टवेअरचे सगळे रकाने धुंडाळले. एका ठिकाणी बारीक अक्षरात पर्याय सापडला, 'कागदात मावेल असं करा'. टिचकी मारली. आली! चारही बाजू आल्या! हा शोध मी एकट्याने लावला, कुणाच्याही मदतीशिवाय. सूनबाईच्या ऑफिसात किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

दुपारी तिचा फोन. "बाबा, प्रिंटवर पट्टी लावून बघितलीत ना? खऱ्या एका मीटरचे कागदावर पाच सेंटीमीटर यायला हवेत. थांबा, नाहीतर संध्याकाळी आल्यावर मीच बघते." म्हटलं, बघितली. बघणारच होतो. पण कागद एवढा सुरेख आला होता की त्याच्यावर पट्टी ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या खिशात हात घालणं.

१८ फेब्रुवारी

सुतार आला. ड्रॉइंग त्याच्यापुढे दोन्ही हातांनी उलगडलं. तो बराच वेळ बघत राहिला. भारावला असावा.

मग म्हणाला, "काका, आकडे कुठायत?"

समजावून सांगितलं. पट्टी ठेवायची, वीसने गुणायचं.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"त्यापेक्षा तोंडी सांगा ना, उंची किती घ्यायची?"

तोंडी! कागदाची किंमत राहिली नाही ती यामुळे. मी म्हटलं, बाबा रे, कागदावर आहे ते खरं. त्याने कानामागची पेन्सिल काढली, मानेमागे खाजवलं आणि कामाला लागला. जुना ओटा दुपारपर्यंत गेला. चाळीस वर्षांचा सोबती. डोळे पाणावले. धूळही होती.

२० फेब्रुवारी

सुतार म्हणतो, "काका, तुमच्या कागदापेक्षा भिंत एक वीत जास्त भरते."

यावर विचार केला. घर जुनं आहे. भिंती सरकतात, फुगतात. शिवाय गवंड्याने तेव्हाच गोंधळ घातला असणार. सुताराला म्हटलं, लांबी भिंतीप्रमाणे घे, बाकी सगळं कागदाप्रमाणे. म्हणजे माझ्या कागदामुळे भिंतीची चाळीस वर्षांची चूक उघडकीला आली. हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "भिंतीला कळवू का?"

२३ फेब्रुवारी, सकाळी

ओटा झाला!

पॉलिशचा वास घरभर. समोर जाऊन उभा राहिलो, डोळे मिटले आणि हात पुढे केले. हात इतक्या ओळखीच्या जागी टेकले की काय सांगू! जणू मी या ओट्याशी आयुष्यभर उभा होतो. याला म्हणतात अचूकता. नवी वस्तू पहिल्या दिवशी परकी वाटली नाही तर समजावं, आखणाऱ्याने माणूस ओळखलाय.

सुतार टेप काढत होता. म्हटलं, गरज नाही.

हिला फोन केला, "ये. तुझा ओटा वाट बघतोय." ही म्हणाली, "नव्वद ना हो?" मी नुसतं हसलो. ती म्हणाली, हसू नका, सांगा. म्हटलं, येऊन बघ.

ड्रॉइंग फ्रेम करायला टाकलं असतं, पण सुताराने त्यावर चहाचा कप ठेवला होता.

२५ फेब्रुवारी

ही आली. खांद्यावरची पिशवी न उतरवता सरळ स्वयंपाकघरात गेली. मी, मुलगा, सूनबाई तिघं दारात. मी दोन ओळी म्हणायच्या तयारीत होतो.

हिने दोन्ही तळवे ओट्यावर टेकले. जराशी वाकली. तशीच राहिली.

"अहो," म्हणाली, "हा तोच आहे."

मी म्हटलं, तोच कसा असेल, लाकूड नवं, पॉलिश नवं. हिने खणातून टेप काढली, जमिनीवर टोक ठेवायला वाकायला लागली, तेव्हा सूनबाईने पटकन तिच्या हातातून घेतली.

पंच्याऐंशी.

सुताराला फोन. त्याचं काम चोख निघालं. कागदावर ओट्याची उंची साडेबेचाळीस मिलिमीटर होती, त्याने वीसने गुणली. सूनबाईने कागद टेबलावर पसरला, चहाचा डाग टाळून पट्टी लावली, आणि मला फक्त एवढंच विचारलं, "बाबा, प्रिंट करताना 'कागदात मावेल असं' केलंत का?"

चौकटीचं कारण सांगितलं. ती म्हणाली, चौकट मावावी म्हणून सगळंच थोडं लहान झालं. ओटा, सिंक, भिंत. फक्त 'प्रमाण १:२०' तसंच राहिलं. ती एक वीतही त्यातच गेली होती.

मुलगा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हिची बॅग दिवाणखान्यात तशीच आहे, न उघडलेली. मी तीनदा तिच्याजवळून गेलो.

२६ फेब्रुवारी

सकाळी ही भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. हात कोपरात दुमडले, जसे कणीक मळताना असतात तसे. तळव्याखाली कुठे ओटा हवा ते सूनबाईने पेन्सिलीने भिंतीवर ओढलं. एक रेघ. मोजली तर नव्वद.

सुतार आला. रेघ बघितली. म्हणाला, "हे असं आधी का नाही दिलंत काका?" ओट्याखाली पाच सेंटीमीटरची पट्टी सरकवायला त्याला सकाळचे दोन तास लागले. मी त्या वेळात त्याला मापाच्या प्रकारांविषयी थोडं सांगितलं. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसावं.

ही ओट्याशी उभी राहिली. सरळ. ताठ. या उंचीची ती आहे हे मला आजच नीट दिसलं. मग तिने बॅग उघडली.

विचार करता वाटतं, भिंतीवरची ती रेघ म्हणजे शेवटी ड्रॉइंगच. प्रमाण एकास एक. सगळ्यात अवघड प्रमाण आहे ते. मी ते पुढच्या कामासाठी राखून ठेवलं होतं.

२७ फेब्रुवारी, दुपारी

सगळे वामकुक्षीला गेल्यावर पट्टी आणि मऊ पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. रेघ फार उघडी वाटत होती. तिच्याभोवती चौकट आखली. बाहेर जाड, आत बारीक, मध्ये केसभर मोकळी जागा. कोपऱ्यात तारीख आणि सही. हात अजून थरथरत नाही.

चहाच्या वेळी ही आली. बघत राहिली. मग ओलं फडकं आणलं.

चौकट पुसली. रेघ तेवढी ठेवली.