चार नंबरचा चिमटा

सोमवार, ३
माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते, हे आज बायकोला पुन्हा समजावावं लागलं. कपडे वाळत घालायचा एक चिमटा – एकच – लाल रंगवून, वर पांढरा चार काढून, मी खिडकीत सुकायला ठेवला होता. तिने त्याच चिमट्याने ओला मोजा अडकवला. मोजा लाल, चिमटा बोडका. "घरात चाळीस चिमटे असताना हाच सापडला?" मी विचारलं. ती म्हणाली, "मोज्याला काय कळतंय."
पुन्हा रंगवतोय. कशाला, ते या वहीलाही सांगणार नाही.

मंगळवार, ४
माझ्या रिमोटवरच्या गाडीचं पुढचं चाक अजून वाकडंच. गेल्या रविवारी क्लबच्या शर्यतीत मेहुण्याने, मित्राची गाडी चालवताना, वळणावर आतून घुसून माझ्या गाडीला भिंतीवर आपटलं. जुन्या रॅलीतल्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती, हातभर लांब. दारावरचे आकडे श्वास रोखून काढलेले. दार उभं फाटलं.
"रॅलीत एवढं चालतं, भावोजी." सगळे हसले. मीही हसलो. जबडा अजून दुखतोय.

शनिवार, ८
चाक सरळ झालं.
माझा आणि मेहुण्याचा, दोन्ही रिमोट जुने, आणि दोन्हींच्या रेडिओलहरींचा नंबर चार. दोन्ही एकदम चालू केले, तर जो जवळ उभा त्याचं गाडी ऐकते. म्हणून मैदानावर फळी आहे. फळीवरचा चार नंबरचा लाल चिमटा ज्याच्या एरियलला, त्यानेच रिमोट चालू करायचा. साधा नियम. आजवर कुणी मोडलेला नाही.

रविवार, ९
नाकातलं रक्त थांबलंय, म्हणून लिहितो.
तिसऱ्या फेरीत मेहुण्याची गाडी पिसाळली. ड्रॉइंग मास्तर कोपऱ्यावर उभे असतात, उलटलेल्या गाड्या सरळ करायला. पूर्ण वेगात त्यांच्या नडगीवर गेली. काटकी मोडावी तसा आवाज. मग भिंत. तुकडे.
मेहुणा धावत आला. "भावोजी, तुम्ही हरामखोर आहात." मारतानाही अहो-जाहो सोडलं नाही, संस्कार म्हणतात ते हे. पहिल्या ठोशात दात, दुसऱ्यात नाक. मी हातातला पाना हाणला. त्याचा कान फाटला. चौघांनी ओढून वेगळं केलं.
बघतात तर दोघांच्याही एरियलला लाल चिमटा. खोटा कुणाचा? "आधी हात उचलला त्याचा," सेक्रेटरी म्हणाले. इतका जलद न्याय मी प्रथमच पाहिला. मेहुण्याला क्लबातून काढलं. मी नाक दाबून उभा होतो. बोलता आलं नाही, असं म्हणू या.

मंगळवार, ११
मास्तरांच्या पायात सळई घातली. मेहुण्याच्या कानाला नऊ टाके. बायको जाऊन आली. "तो म्हणतो, त्याने फळीवरूनच घेतला होता."
"म्हणणारच."
मला चावता येत नाही. दूध पितोय.

गुरुवार, १३
तिने तो लाल मोजा माझ्या ताटाशेजारी ठेवला. घडी घालून. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवार, १४
आधी मास्तरांकडे गेलो, मग सेक्रेटरींकडे. शेवटी मेहुण्याकडे. चिमटा त्याच्या हातात दिला. "माझा खोटा. तुझी गाडी भिंतीवर घालायची होती. मास्तर मध्ये आले. सगळ्यांना सांगून आलोय."
त्याने चिमटा बाजूला ठेवला.
"भावोजी, चष्मा काढा."
काढला. खिशात ठेवला.